मेमध्ये बसवलेले दार ऑगस्टमध्ये का अडकते, आणि चूक कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या बेसा भागातील एका नव्या घरासाठी एका तरुण सुतारबंधूंनी एप्रिल-मे महिन्यांत सागवानाची आठ पॅनेलची दारे केली. लाकूड घरमालकांनी लकडगंजच्या लाकूडबाजारातून स्वतः आणून दिले होते. ठरली होती ती केवळ मजुरी, 72,000 रुपये. दारे बसवली तेव्हा चौकट आणि दार यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढीच फट होती आणि त्या सफाईचे सर्वांनी कौतुक केले. ऑगस्ट आला आणि आठांपैकी पाच दारे अडकू लागली. त्यांतील दोन खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. घरमालकांचे म्हणणे असे की लाकूड कच्चे होते आणि ते सुताराने ओळखायला हवे होते, म्हणून शेवटचे 24,000 रुपये त्यांनी अडवून ठेवले आहेत. चूक लाकडाची, हवेची की माझी, आणि आता सरळ रंधा मारून मोकळे व्हावे का, असे या सुतारबंधूंनी विचारले आहे.

मी गेली 31 वर्षे नागपुरात दारे, खिडक्या आणि चौकटी करतो. हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतो, कधी घरमालक तर कधी कारागीर. प्रश्न दाराचा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक म्हणजे लाकडाने काय केले, आणि दुसरी म्हणजे लाकूड असे करणार हे काम घेताना कोणी कोणाला सांगितले होते का. पहिलीचे उत्तर बऱ्याच अंशी गणिताने देता येते. दुसरीचे उत्तर तुमच्या दोघांत काय बोलणे झाले यावर अवलंबून आहे आणि ते मी पाहिलेले नाही. दारेही मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे पुढे जिथे जिथे ‘असे असेल तर’ असे लिहिले आहे, तिथे तुम्ही जागेवर जाऊन खात्री करून घ्या.

आधी घरमालकांच्या आरोपाकडे पाहू, कारण तो ऐकायला सयुक्तिक वाटतो आणि तुम्हीही तो अर्धामुर्धा मान्य केलेला दिसतो. लाकूड कच्चे, म्हणजे ओले असते, तर पुढे काय झाले असते याचा विचार करा. ओले लाकूड वाळते आणि वाळताना आक्रसते. मे महिन्याच्या उन्हात तर ते झपाट्याने आक्रसले असते. पॅनेलच्या कडेला पॉलिश न लागलेली पांढरट रेघ दिसू लागली असती, सांधे उघडले असते, एखाद्या फळीला टोकाकडून चीर गेली असती आणि दार चौकटीत सैल झाले असते. तुमचे दार याच्या नेमके उलट वागले आहे, ते फुगले आहे. मेमध्ये घट्ट बसलेले आणि ऑगस्टमध्ये फुगलेले दार एवढेच सांगते की ते बनवताना लाकूड चांगले कोरडे होते. तेव्हा कच्च्या लाकडाचा आरोप टिकत नाही.

मात्र ‘कच्चे’ हा शब्द आपल्या धंद्यात दोन अर्थांनी वापरतात आणि भांडणे पुष्कळदा त्यातूनच होतात. ओले लाकूड हा एक अर्थ झाला. खोडाच्या सालीलगतचा पांढरा भाग हा दुसरा. त्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते आणि तो टिकतही नाही, म्हणून दाराच्या उभ्या पट्ट्यांत तो घेऊ नये, पण दार अडकण्याचे कारण तो नव्हे. घरमालकांना दारात कुठे पांढरा पट्टा दिसला असेल आणि त्यावरून ते कच्चे म्हणत असतील, तर ती तक्रार वेगळी आहे. तिचे उत्तरही वेगळे द्यावे लागेल.

आता हवेविषयी. नागपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. पण लाकडाला तापमानापेक्षा हवेतील ओलावा अधिक कळतो. मे महिन्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टमध्ये दिवसभराची सरासरी 80 च्या आसपास असते. लाकूड या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. बारीक, उघडा तुकडा मेमध्ये हवेत ठेवला तर त्यातील ओलावा चार-पाच टक्क्यांवर येतो आणि ऑगस्टमध्ये तोच तुकडा पंधरा-सोळापर्यंत चढतो. 35 मिलिमीटर जाडीचे, पॉलिश केलेले दार ही दोन्ही टोके गाठत नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि तोवर ऋतू पालटतो. माझ्या ओलावा मोजायच्या मीटरवर अशा दारांचे आकडे मेअखेर सहा ते आठ आणि ऑगस्टअखेर बारा ते चौदा असे येतात. म्हणजे फरक साधारण सहा टक्क्यांचा धरावा.

या सहा टक्क्यांचा फटीशी असलेला हिशेब करणे अवघड नाही. सागवान हे फार शांत लाकूड आहे. ओलाव्यात एक टक्का फरक पडला की चपट्या, म्हणजे सालीला समांतर चिराईची सागवानी फळी रुंदीत सुमारे 0.19 टक्के हलते. उभ्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे गेलेल्या चिराईची फळी त्याच्या जवळजवळ निम्मीच हलते. लांबीत मात्र लाकूड हलत नाही असेच व्यवहारात समजावे. तुमच्या दाराच्या दोन उभ्या पट्ट्या प्रत्येकी पाच इंच, म्हणजे मिळून 250 मिलिमीटर आहेत असे धरू. सहा टक्क्यांच्या फरकाने त्या मिळून पावणेतीन मिलिमीटर फुगतील. म्हणजे जवळपास एक सूत (इंचाचा आठवा भाग). तुम्ही सोडली होती कागदाची फट. दार अडकले यात नवल नाही. तीन दारे अडकली नाहीत हेच नवल आहे, आणि त्यांच्या पट्ट्या उभ्या चिराईच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे.

इथेच पॅनेलच्या दाराची खुबी लक्षात येते. तेच दार सलग फळ्या जोडून तीन फूट रुंदीचे केले असते, तर त्याच हिशेबाने ते दहा मिलिमीटर, म्हणजे तीन सुतांहून अधिक फुगले असते. जुन्या कारागिरांनी चौकट-पॅनेलची रचना शोधली ती नक्षीसाठी नव्हे. रुंद फळी खाचेत मोकळी ठेवायची आणि तिचे फुगणे-आक्रसणे खाचेच्या पोटात लपवायचे, बाहेर हलतील त्या फक्त दोन अरुंद पट्ट्या, हा त्यामागचा विचार आहे. म्हणून तुम्हाला एक गोष्ट विचारावीशी वाटते: पॅनेल वाजू नये म्हणून तुम्ही खाचेत फेविकॉल भरला होता का? अलीकडे पुष्कळ जण तसे करतात. तसे केले असेल तर पॅनेल आता उभ्या पट्ट्यांना बाहेर रेटत असेल आणि वरचा हिशेब तोकडा पडेल. साल-चुलीचे, म्हणजे भोकात जीभ बसवून केलेले सांधे कुठे केसभर उघडले आहेत का ते पाहा. उघडले असतील तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच पॅनेलला मधोमध चीर जाण्याची भीती आहे, कारण आक्रसायला त्याला जागा उरलेली नाही.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. धंद्याच्या चौथ्या वर्षी मी एका जुन्या वाड्याच्या मागच्या बाजूला फळ्यांचे जाड दार करून दिले होते. नऊ-नऊ इंचांच्या चार फळ्या, मागे तीन आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक फळीला घट्ट स्क्रू. काम एप्रिलचे होते. जुलैअखेर ते दार असे रुतले की घरच्यांनी दोन महिने पुढच्या दाराने ये-जा केली. मी गेलो आणि तरुणपणाच्या उत्साहात रंध्याने चांगले तीन सूत काढून आलो. दार मोकळे झाले आणि सर्वांनी मला चहा पाजला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच फटीतून लू आत येऊ लागली आणि घरातील आजींनी त्यात वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. मला बोलावले तेव्हा काढलेले लाकूड परत लावायला रंध्यात काही सोय नव्हती. कडेला सागाची पट्टी चिकटवून दिली, ती आजही दिसते आणि त्या गल्लीतून जाताना मी वर पाहत नाही.

म्हणून ‘रंधा मारून द्यावा का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे: आधी दार कुठे घासते ते शोधा, मगच रंधा हातात घ्या. दाराच्या कडेला खडू फासा, दार चार वेळा लावा-उघडा आणि चौकटीवर खडू कुठे उमटतो ते पाहा. कुलपाच्या बाजूच्या कडेला वरपासून खालपर्यंत सारखा उमटला तर दार फुगले आहे. फक्त वरच्या कोपऱ्यात किंवा खाली उंबरठ्याशी उमटला तर ते फुगणे नव्हे. मघाशी म्हटल्याप्रमाणे लाकूड लांबीत हलत नाही आणि दाराची उंची उभ्या पट्ट्यांच्या लांबीने ठरते, त्यामुळे पावसाने दार उंच होत नाही. वरच्या कोपऱ्यात अडकणारे दार झोळलेले असते. बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात, कारण मेमध्ये कोरड्या लाकडात घाईने हातोडीने ठोकून शेवटचे दोन आटे पेचकसाने फिरवलेले असतात. असे स्क्रू काढून, भोकात सागाची काडी गोंद लावून बसवून, लांब स्क्रू लावले की अर्ध्या तासात दार जागेवर येते. तिथे रंधा मारणे म्हणजे पायाला काटा लागला असताना जोडा कापण्यासारखे आहे.

दार वर टेकते आणि खाली सुटे राहते, किंवा याच्या उलट होते, असे दिसले तर दाराला पीळ पडला आहे. पीळ पडण्याची कारणे बरीच आहेत, पण नागपुरात एक कारण असे आहे की जे बाहेरच्या कोणत्याही कारागिराला सुचणार नाही. ते म्हणजे कूलर. मेमध्ये बाहेर हवा कोरडीठाक असते आणि आतल्या खोलीत खिडकीतला कूलर चोवीस तास पाण्याची हवा फेकत असतो. त्या खोलीच्या दाराची एक बाजू ओल्या हवेत आणि दुसरी कोरड्या हवेत राहते. आतली बाजू फुगते, बाहेरची आक्रसते आणि दार धनुष्यासारखे बाक घेते. कूलरचा झोत थेट दारावर येत असेल तर भर उन्हाळ्यातही दार अडकल्याची तक्रार येते आणि कारागीर बुचकळ्यात पडतो. नव्या घरात काम घेताना कूलर कुठे बसणार हे मी आता पहिल्याच भेटीत विचारतो. घरमालकांना सुताराने कूलरची चौकशी करावी याचे आश्चर्य वाटते.

चौकटही तपासा. नव्या बांधकामात चौकट भिंतीत बसली की पुढे प्लास्टरचे पाणी, भिंतीवर मारलेले पाणी, फरशीच्या घासाईचे पाणी असे महिनोन्‌महिने चालते आणि चौकटीची भिंतीकडची बाजू ते सगळे पिते. त्या बाजूला बसवण्यापूर्वी डांबर किंवा प्रायमरचा हात दिलेला नसेल तर चौकट मधोमध आत पोटाळते. वरून खाली दोरी ताणून धरा, दोरी आणि चौकट यांच्यात मध्ये अंतर कमी-जास्त दिसले की कळेल. ओळंबा लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. चौकट तुम्ही बसवली नसेल, गवंड्याने बसवली असेल, तर हे मोजमाप घरमालकांच्या समोर करा.

यानंतर पाहायची गोष्ट म्हणजे दाराची वरची आणि खालची कड. स्टूल घेऊन वर चढा आणि वरच्या कडेवर हात फिरवा. दहापैकी आठ घरांत ती कोरडी, खरखरीत, पॉलिश न लागलेली सापडते. पॉलिशवाला दिसेल तेवढ्यालाच हात लावतो आणि खालच्या कडेला लावायचे तर दार उतरवावे लागते. नेमक्या त्याच कडांवर उभ्या पट्ट्यांची तोडलेली टोके उघडी असतात आणि तोडलेल्या टोकातून लाकूड ओलावा कितीतरी वेगाने ओढते. पॉलिश ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करते. पण हा वेग कमी झाला तरी आपले निम्मे काम होते, कारण दार पूर्ण फुगण्याच्या आत पावसाळा ओसरतो. शिवाय नागपुरात रंगपॉलिशचे काम दिवाळीपर्यंत लांबवण्याची पद्धत आहे. म्हणजे मेमध्ये बसवलेले दार सगळा पावसाळा उघडे काढते. तुमच्या बाबतीत पॉलिश झाले होते की नाही, हे प्रश्नात लिहिलेले नाही. झाले नसेल तर घरमालकांच्या पदरातही चुकीचा वाटा जातो.

समजा, या सर्व तपासणीनंतर दोन-तीन दारे खरोखर फुगलेलीच निघाली. तेव्हा रंधा मारावा, पण दार मोकळे फिरेल एवढाच, त्याहून केसभरही अधिक नाही. आता ती जवळपास सर्वाधिक फुगलेली आहेत. आज मोकळी फिरली तर वर्षभर फिरतील. उन्हाळ्यात कुलपाच्या बाजूला सूतभर फट दिसेल आणि ती दिसणारच हे आजच सांगून ठेवा. शक्य तिथे लाकूड बिजागरीच्या बाजूने काढा. कुलपाच्या बाजूने काढले तर कुलपाची पट्टी वर येते, खाच पुन्हा पाडावी लागते आणि ते ठिगळ कायम दिसते. बिजागरीच्या बाजूला मात्र खाचा थोड्या खोल केल्या की झाले. कुलपाच्याच बाजूने काढावे लागले तर कड किंचित तिरपी घ्या, चौकटीत आधी शिरणारी धार जास्त काढा. आणि रंधा मारलेल्या उघड्या कडेला त्याच दिवशी पॉलिशचा हात द्या. ‘नंतर करू’ म्हटलेली कड आठ दिवसांत पुन्हा पाणी पिऊन बसते.

जे दार थोडेसेच घासते पण बंद होते, त्याला आज हात लावू नका. पोळा झाला, पाऊस ओसरला, की दसऱ्यापर्यंत ते आपोआप सुटते. पोळ्याचा विषय निघाला म्हणून आठवले. आमचे वडील तान्ह्या पोळ्यासाठी मुलांचे लाकडी नंदी करत. एका वर्षी त्यांनी मोठा नंदी एकाच ठोकळ्यातून केला आणि ठोकळ्यात खोडाचा मधला गाभा राहून गेला होता. तो सण पावसाळ्यातच येतो, त्यामुळे नंदी देताना ठणठणीत होता, पण उन्हाळ्यात त्याचे पोट उभे फाटले. गाभा असलेले लाकूड कधी ना कधी फाटणारच, हे मला तेव्हा कळले आणि तेव्हापासून दाराच्या पट्टीत मी गाभा येऊ देत नाही. तुमच्या दारांत गाभ्याची पट्टी असेल तर तीही आज नोंदवून ठेवा, कारण ती मेमध्ये बोलेल.

पुढच्या कामांसाठी माझी पद्धत सांगतो. मेमध्ये पॅनेलचे दार बसवताना कुलपाच्या बाजूला मी पुरता एक सूत सोडतो, पट्ट्या पाच इंचांहून रुंद असतील तर सव्वा. ऑगस्टमध्ये अर्धा सूत पुरतो. हिवाळ्यात याच्या मधले. मुंबईकडच्या कारागिरांचे व्हिडिओ पाहून सर्व ऋतूंत सारखी बारीक फट सोडणारी मुले मला भेटतात. समुद्राकाठची हवा वर्षभर दमट राहते, तिथे लाकडाला एवढा प्रवास करावाच लागत नाही, म्हणून तिथली फट तिथे शोभते. आपल्याकडे लाकूड वर्षातून एकदा वाळवंट आणि एकदा समुद्रकाठ दोन्ही पाहते. मेमध्ये सूतभर फट पाहून ग्राहकाचा चेहरा पडतो हे खरे आहे. तेव्हा त्याला पाच मिनिटे देऊन वरचा हिशेब सांगावा. नुसते ‘हवा लागते’ म्हणून उडवून लावू नये.

लाकूड ग्राहक आणतो तेव्हा कारागिराने काय करावे, हा तुमच्या प्रश्नाचा न विचारलेला भाग आहे. आपल्याकडे लाकूड उत्तम मिळते यात शंका नाही. बल्लारशा-आलापल्लीच्या सागाचे नाव देशभर आहे, आणि 2023 साली उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेले होते. पण जात उत्तम असली म्हणून फळी मुरलेली असते असे नाही. वखारीत गोल ओंडका डोळ्यांदेखत चिरून देतात आणि ग्राहक तो ताजाच तुमच्याकडे आणून टाकतो. म्हणून लाकूड उतरवून घेतानाच ओलावा मोजावा. पिनांचे साधे मीटर आता कारागिराच्या आवाक्यात आले आहे. फळीच्या टोकाला मोजू नये, टोक नेहमी कोरडे असते. एखादी फळी मधून कापून ताज्या कापावर मोजावे. मीटर नसेल तर छोटा तुकडा वजन करून, ओव्हनमध्ये 103 अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. गेलेल्या वजनाला वाळलेल्या वजनाने भागले आणि शंभराने गुणले की टक्का मिळतो. दारे-खिडक्यांसाठी किती ओलावा चालतो याचे, हवामानाच्या विभागांनुसार, आयएस 287 हे भारतीय मानकही आहे. माझा नियम सोपा आहे: मेमध्ये बाराच्या वर आकडा आला तर चिरलेल्या फळ्या मध्ये काड्या घालून, सावलीत, भट्टीसारख्या उन्हापासून दूर थप्पी लावून ठेवायच्या आणि काम लांबवायचे. ग्राहक थांबायला तयार नसेल तर तसे त्याच्या सहीने लिहून घ्यायचे.

आता पैशांकडे येतो. माझा कौल विचाराल तर लाकूड कच्चे नव्हते, ते घरमालकांनी आणले होते आणि त्याचा दोषही नव्हता. हवा दरवर्षी अशीच असते, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. कागदाची फट सोडणे ही चूक तुमची आहे, कारण मेनंतर ऑगस्ट येतो हे घरमालकांनी नाही तर तुम्ही ओळखायला हवे होते. ही चूक दोन दिवसांच्या कामाने दुरुस्त होणारी आहे. तिच्यासाठी मजुरीचा तिसरा हिस्सा अडवणे हे प्रमाणाबाहेर आहे. म्हणून फोनवर वाद घालू नका. स्वतः जा, खडू-दोरी-ओळंबा घेऊन प्रत्येक दार त्यांच्यासमोर तपासा आणि कारण सांगा. अडकलेल्या दारांची दुरुस्ती विनामूल्य करून देतो, मात्र दुरुस्ती झाल्याच्या दिवशी 16,000 द्यावेत आणि उरलेले 8,000 दसऱ्यानंतर मी पुन्हा सर्व दारे पाहून गेल्यावर द्यावेत, असे सुचवा. रक्कम थोडी मागेपुढे होईल. पण परत येण्याची तारीख तुम्ही स्वतःहून दिली की बहुतेक माणसे निवळतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना पैसे बुडण्यापेक्षा सुतार फोन उचलणार नाही याची धास्ती अधिक असते, आणि आपल्या धंद्याने ही धास्ती कमावलेली आहे हेही कबूल करायला हवे.

यापुढे मजुरी सांगतानाच पहिल्या पावसाळ्यानंतरची एक फेरी दरात धरा. मी प्रत्येक दारामागे अर्ध्या दिवसाची मजुरी त्यासाठी आधीच मिळवतो आणि ग्राहकाला तसे सांगतोही. कामाआधी एका कागदावर चार-सहा ओळी लिहाव्यात: लाकूड कोणी आणले, त्या दिवशी ओलावा किती होता, फट किती सोडणार, पॉलिश कोण आणि किती दिवसांत करणार, सहाही बाजूंना करणार का, पावसाळ्यानंतर एक दुरुस्ती विनामूल्य आणि शेवटचे दहा टक्के त्या दुरुस्तीनंतर. दहाच टक्के, तेहतीस नव्हे. दोघांच्या सह्या आणि मोबाइलवर त्याचा फोटो एवढे पुरते. वकिली भाषेची गरज नाही.

राहता राहिले न्हाणीघराचे दार. अडकलेल्या दोन हट्टी दारांत ते असावे असा मला संशय आहे. तिथे सागवान शोभते, पण रोजच्या पाण्यात आणि वाफेत कोणतीही फट फार काळ पुरत नाही. खालची कड तपासा, काळी पडली असेल तर दार उतरवून ती वाळू द्या, दोन हात पॉलिश किंवा रंग द्या आणि खालून वीतभर ॲल्युमिनियमची पट्टी मारून द्या. तरीही दरवर्षी तक्रार येत राहिली तर तिथे पीव्हीसीचे दार बसवून हे सागवानी दार दुसऱ्या खोलीला वापरण्याचा सल्ला मी घरमालकांना बिनदिक्कत देतो, त्यात माझे काम गेले तरी.

जाताना मीटर मात्र घेऊन जा, नसेल तर कोणाचे तरी मागून न्या. प्रत्येक दाराच्या वरच्या कडेवर आजचा आकडा आणि तारीख पेन्सिलने घरमालकांसमोर लिहा. तिथे कोणाची नजर जात नाही, पण पुढच्या मेमध्ये दाराच्या कडेला फट दिसू लागली आणि फोन आला, की त्याच जागी दुसरा आकडा लिहून दोन्ही एकाशेजारी एक दाखवता येतील. आकडे लिहून झाले की त्यांवरून पॉलिशचा हात फिरवायला विसरू नका. ती कड तशीही कोरडीच सापडणार आहे.